बरोबरचं चिन्ह

एस.वाय.बी.ए., इतिहास, पाचवा तास.
फळ्यावर मी युरोपातल्या एका राजघराण्याचा वंशवृक्ष काढते.
वर राजा, खाली राजा, त्याच्याखाली आणखी एक,
आणि प्रत्येकाच्या बगलेला दोन आडव्या रेघा:
बरोबरचं चिन्ह. म्हणजे लग्न.
चिन्हापलीकडे नाव मावेल एवढा फळा उरत नाही,
तिथे मी लिहिते, अमक्याची मुलगी.

सांगते, सातव्या वर्षी वाङ्निश्चय व्हायचा.
हुंड्यात दोन बंदरं, एक किल्ला, मिठावरचा कर.
नवरा मोहिमेवर असला तर त्याचा वकील यायचा,
गुडघ्यापर्यंत पाय उघडा करून
नवरीच्या अंथरुणात टेकवायचा,
साक्षीदार माना डोलवायचे. झालं लग्न.
पोरी ओढण्या तोंडाशी धरून हसतात.
मग सांगते, सरहद्दीवर तिच्या दाया परत पाठवत.
तेव्हा मागच्या बाकावरून भाविनी गिरासे उठते,
"मॅडम, तिले तठली बोली समजे का?"

वीस वर्षं शिकवतेय. तह, सनावळ्या, वारसाहक्काच्या लढाया.
हे कुणी विचारलं नव्हतं.
मलाही सुचलं नव्हतं, जी मी
साताऱ्याहून या शिरपुरात नवी नवरी आले तेव्हा
ओट्यावरच्या बाया विचारायच्या, "कथा चालनी?"
कुठे निघालीस, एवढंच.
मला आठवडाभर वाटत होतं,
माझी काहीतरी गोष्ट गावात चालू आहे.

पौषात सहल नेली थाळनेरला.
तापीचं पात्र निवलेलं, आठकोनी घुमटात पारवे घुमत होते.
राखणदार हुसनोद्दीनचाचा काठीनं दाखवत पुढे चालले:
"वर उंच कलमदान, तर कबर पुरुषाची.
वर सपाट पाटी, तर बाईची."
ही कोण होती?
"गुजरातेहून आणलेली म्हणतात, तहात. लिहिलेलं नाही."
कलम त्याच्याकडे, पाटी तिच्याकडे,
असं मी टिपणवहीत लिहिलं, आणि खोडलं.
फारच जमून आलेलं वाक्य होतं.
भाविनी त्या पाटीजवळ उकिडवी बसली होती.
हात लावला नाही तिनं. ओढणीच्या टोकानं
कडुनिंबाची वाळकी पानं तेवढी झाडली.

परतताना ती माझ्या शेजारी, खिडकीकडे.
तिचं जमलंय सेंधव्याला.
बिजासनीचा घाट चढला की बोली बदलते.
तिकडे जिनिंग, इकडे हायवेला लागून अकरा एकर.
"दोन्ही घरं तोलामोलाची, मॅडम,"
वडील पालक मेळाव्यात म्हणाले होते,
आणि दोन्ही तळहात हवेत समोरासमोर धरले होते, आडवे.
तिच्या डाव्या मनगटावर निळ्या पेनानं शब्द:
मीठ, विळा, उद्या, दुखतंय. पुढे निमाडी.
कुणा मामेबहिणीनं फोनवर सांगितलेले,
निम्मे घामानं पुसलेले.
"आणि नको-ला काय म्हणतात?" मी विचारलं.
"ते इचारानंच राही गयं."
मग आम्ही दोघी शेंगा खात राहिलो
बायपास येईपर्यंत.

वार्षिकला प्रश्न आला:
मध्ययुगीन राजघराण्यांतील विवाहांचे राजकीय महत्त्व स्पष्ट करा. गुण दहा.
दोन पानं मोकळी होती. तिनं तीन ओळी लिहिल्यात.
तिला तिकडली बोली येत नव्हती.
तिच्या दाया सरहद्दीवरून परत गेल्या.
पहिल्या रात्री तिनं पाणी कसं मागितलं, हे पुस्तकात दिलेलं नाही.

नमुना उत्तरात मुद्दे आहेत: तह, हुंडा, वारस, सीमा.
यातला एकही नाही.
लाल पेनाचं टोपण काढून मी कधीची बसलेय.
बाहेर गल्लीत कुणी कुणाला विचारतंय,
कथा चालनी?